कड्यावरचा मुक्काम : एका सहलीची आखणी

शाळेची सहल हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. गाडी ठरवावी, वर्गणी गोळा करावी, दोन प्रेक्षणीय स्थळे व एक धरण पाहून रात्री परत यावे, एवढ्यावर पुष्कळ शाळांचे काम भागते. आम्हीही कित्येक वर्षे असेच केले. परंतु मुलांना घेऊन एका खोल घळीच्या काठी उघड्या माळावर दोन रात्री राहावयाचे ठरले, तेव्हा ही किरकोळ गोष्ट किती जबाबदारीची आहे हे आम्हांस कळून आले. त्या अनुभवातून जे शिकलो ते शिक्षकबंधुभगिनींच्या व पालकांच्या उपयोगी पडावे, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

आरंभ एका प्रश्नापासून झाला. पालकसभेत आम्ही सहलीचे ठिकाण जाहीर केले. वडीलमंडळींनी वर्गणी किती, परत कधी, असे नेहमीचे प्रश्न विचारले. मागच्या रांगेत आठवीतल्या एका मुलीची आई बसली होती. रोजंदारीवर शेतात जाणारी ही बाई सभेत कधी बोलत नसे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तिथं कड्याला कठडा हाय का?"

आम्ही म्हणालो, "असेलच."

"असंल म्हणता. बघितलंय का तुमी?"

आम्ही पाहिले नव्हते. चित्रे पाहिली होती, माहिती वाचली होती. जागा पाहिली नव्हती. सभा तेथेच थांबवून 'पाहून येतो, मग बोलू' एवढे सांगण्यावाचून आम्हांस गत्यंतर उरले नाही. या लेखात पुढे जे काही आहे ते त्या एका प्रश्नाचे उत्तर होय.

जागा कोणती व का

ते ठिकाण म्हणजे आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात, जम्मलमडुगू गावापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेले गंडीकोटा. तेलुगूत 'गंडी' म्हणजे घळ व 'कोटा' म्हणजे किल्ला. येर्रमला डोंगररांगेतून पेन्ना नदीने आपली वाट कापून काढली आहे. दोन्ही बाजूंस तांबड्या दगडांचे उभे कडे, मध्ये सुमारे तीनशे फूट खोल घळ आणि तळाशी नदी, असा तेथील देखावा आहे. ही पेन्ना आपल्याच कर्नाटकात, नंदीदुर्गाच्या परिसरात उगम पावते. आपल्याकडे तिला उत्तर पिनाकिनी म्हणतात. पुढे ती आंध्रात शिरते व नेल्लोरजवळ बंगालच्या उपसागरास मिळते.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची घळ जगप्रसिद्ध आहे. ती सुमारे ४४६ किलोमीटर लांब व एक मैलाहून अधिक खोल आहे. १९१९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. गंडीकोट्यास लोक कौतुकाने तिचे भारतीय रूप म्हणतात. आकाराने तुलना होणार नाही हे मुलांस आधीच सांगावे, म्हणजे निराशा होत नाही. परंतु नदी खडक कशी कापते, हे पाहण्यास तीनशे फूट पुष्कळ झाले. तसेच तो प्रदेश वाळवंट नव्हे. पण रायलसीमेचा तो कोरडा, अवर्षणाचा मुलूख आहे. झाडे खुरटी, सावली थोडी, खडक तापणारा. म्हणून वाळवंटात जाताना जी तयारी करावी लागते, तीच येथेही करावी.

आपल्या मुलांस ही जागा दाखविण्याचे आणखी एक कारण आहे. आपण बीदरवासी पठारावर राहतो. आपल्या पायाखाली जांभा दगड आहे व त्याखाली काळा पाषाण. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. त्याचाच वरचा थर ऊनपावसाने कुजून, त्यातील लोह गंजून जांभा झाला. गंडीकोट्याचा दगडही तांबडाच. पण त्याचे कूळ निराळे. तो कधीकाळच्या उथळ समुद्राची वाळू दबून, घट्ट होऊन बनलेला गारेचा दगड आहे व त्याचे वय एक अब्ज वर्षांहून अधिक आहे. दोन्हीकडचा तांबडा रंग लोहाचाच. रंग एक, परंतु जन्मकथा दोन! हे पुस्तकात सांगून मुलांच्या ध्यानात राहत नाही; दोन्हीकडचे खडे तळहातावर ठेवले म्हणजे राहते. खडा मात्र वाटेवरचा घ्यावा, किल्ल्यातील दगडास हात लावू नये.

आधी स्वतः पाहून यावे

सभेनंतर आम्ही दोघे शिक्षक स्वखर्चाने गंडीकोट्यास जाऊन आलो. किल्ल्यातून पुढे गेल्यावर शिळांची रास लागते. त्या शिळांवरून पाय जपून टाकीत गेले की एकदम घळ समोर येते. जेथून देखावा सर्वांत सुंदर दिसतो, तेथेच कठडा नव्हता. शिळा गुळगुळीत होत्या, मध्ये फटी होत्या, आणि काठावर वारा चांगलाच होता. चित्रात हे काहीच दिसत नाही.

त्या पाहणीत आम्ही पुढील गोष्टी वहीत लिहून घेतल्या. पिण्याचे पाणी कोठे मिळते. शौचालय कोठे आहे व रात्री उघडे असते काय. दुपारी सावली कोठे पडते. मोठी गाडी कोठवर येते. भ्रमणध्वनी कोणत्या जागी लागतो व कोणत्या जागी लागत नाही. सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे व तेथवर जाण्यास किती मिनिटे लागतात. शेवटची गोष्ट नकाशावरून मोजू नये. आम्ही भाड्याच्या गाडीने जम्मलमडुगूपर्यंत जाऊन घड्याळ लावून पाहिले. संकटाच्या वेळी ११२ व १०८ हे क्रमांक आहेतच. परंतु मदत येईपर्यंतचा वेळ आपल्यालाच निभवावा लागतो.

परत येऊन दुसरी पालकसभा बोलावली. तेथे आम्ही प्रथम सांगितले की कठडा नाही. मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी कित्येक वर्षे आम्ही मनात ठेवली होती. एका जुन्या सहलीत, एका टेकडीच्या माथ्यावर, छायाचित्रासाठी मागे मागे सरकणाऱ्या एका मुलाचा पाय घसरला होता. हातभर खाली झुडूप होते, त्यात तो अडकला. गुडघा खरचटला, एवढेच. त्याच्या घरीही आम्ही 'गुडघा खरचटला' एवढेच कळविले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. त्या वेळी आम्ही सावलीत बसून हजेरीची यादी लिहीत होतो; मुलांकडे आमची पाठ होती.

हे ऐकून सभेत शांतता पसरली. ४२ मुलांची नावे आली होती. त्यांतील सहांची नावे पालकांनी परत घेतली. त्यांचा आम्हांस राग आला नाही. उरलेल्या ३६ मुलामुलींच्या पालकांपुढे आम्ही आखणीचा कागद ठेवला. ती प्रश्न विचारणारी माउली लिहितावाचता न येणारी. तिने मुलीकडून तो कागद दोनदा वाचून घेतला व अंगठा उमटविला.

काळवेळ

कडप्पा भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा तो काळ वर्ज्यच. आपल्याकडे दसऱ्याची सुटी असते तेव्हा जावे असे वाटते. परंतु त्या बाजूस ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस व वादळे येतात, आणि ओली शिळा ही कोरड्या शिळेहून दसपट धोक्याची. म्हणून जानेवारी महिना उत्तम. दिवसा ऊन सोसवते, रात्री पातळ घोंगडी पुरते. दहावीची मुले परीक्षेच्या तयारीत असतात. त्यांना नेऊ नये, आठवी-नववीची न्यावीत. सुटीच्या व सणाच्या दिवशी फार गर्दी होते. ते दिवस टाळावेत.

चंद्राचाही विचार करावा. अमावास्येच्या सुमारास तारे उत्तम दिसतात हे खरे. परंतु मुले बरोबर असता काठावर अंधार नको. आम्ही पौर्णिमेच्या आधीचे दोन दिवस निवडले. मावळतीनंतर लगेच चांदणे मिळते व पाऊलवाट दिसते. ताऱ्यांचा पाठ शाळेच्या मैदानावर घेता येतो.

पाण्याचे गणित

गंडीकोट्यास नदी डोळ्यांसमोर असते, पण ती तीनशे फूट खाली! पाणी दिसते म्हणून पाणी आहे असे मुलांस वाटते. ही समजूत निघण्यापूर्वीच काढली पाहिजे.

त्यासाठी आम्ही मुलांस प्रथम बीदरजवळच नौबादच्या सुरंग बावीवर, म्हणजे कारेजवर नेले. बहमनी काळातील ही योजना. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपते, खालच्या कठीण पाषाणावर अडते. तेथे जमिनीखालून किंचित उताराचा बोगदा खणून ते पाणी वस्तीकडे वाहते केले आहे. मध्ये मध्ये उजेड-वाऱ्यासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवली आहेत. इराणातील ही विद्या आपल्या दगडात बसविणाऱ्यांनी आधी दगड ओळखला, मग कुदळ उचलली. गंडीकोट्याचा दगड जांभ्यासारखा पाणी पीत नाही; पडलेले पाणी वाहून जाते. तेव्हा तेथे राहणाऱ्याने पाणी साठवलेच पाहिजे. हा फरक मुलांनी स्वतः सांगितला तेव्हा आम्हांस बरे वाटले.

मग फळ्यावर हिशेब मांडला. मुले ३६, मोठी माणसे ४, एकूण ४०. पिण्यास माणशी दररोज ४ लिटर, म्हणजे १६० लिटर. स्वयंपाक व भांडी यांस माणशी ३ लिटर, म्हणजे १२० लिटर. एका दिवसाचे २८०, दोन दिवसांचे ५६० लिटर. त्यात चौथा हिस्सा राखीव, म्हणजे १४० लिटर मिळविले की ७०० लिटर झाले. वीस लिटरच्या ३५ डब्यांची ही बेगमी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे ७०० किलो! एवढे वजन रेल्वेतून नेणे शक्य नाही हे मुलांनीच ओळखले. ते जम्मलमडुगूहून गाडीने मागवावयाचे व त्याचा करार आधी करावयाचा असे ठरले. स्नान व कपडे धुणे दोन दिवस बंद. हातपाय धुण्याचे पाणी मुक्कामाजवळच्या नळाचे.

आमच्या घरी लहानपणी वुजू करण्यास तोटीचा लोटा असे. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी गरजेपेक्षा जास्त सांडू नये, ही धर्माची शिकवण घरातील वडीलधारी सांगत. आणि पाणी नसेल तेथे स्वच्छ मातीवर तयम्मुम करण्याची मोकळीकही सांगत. सहलीतील नमाजी मुलांस आम्ही हेच सांगितले. एका मराठा विद्यार्थ्याने आपल्या आजीची तशीच रीत सांगितली. ती भांडी प्रथम राखेने घासते व मग थोड्या पाण्यात विसळते. दोन्ही रीती आम्ही मुक्कामात चालविल्या.

पाणी नुसते असून भागत नाही, ते प्यायले पाहिजे. मुले खेळात विसरतात. म्हणून दर तासाला शिट्टी व प्रत्येकाने आपल्या बाटलीतून चार घोट, असा नियम केला. लघवी गडद पिवळी होणे, डोके दुखणे, चक्कर येणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे. ती लाजेने लपवू नयेत. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, हे द्रावण प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहिले. चमचा म्हणजे चहाचा.

कड्याचे नियम

आता मूळ प्रश्न. कठडा नाही, तर काय करावे? सहल रद्द करणे सोपे; 'आम्ही लक्ष ठेवू' म्हणणे त्याहून सोपे. आम्ही पुढील नियम केले व ते मुलांकडून पाठ करून घेतले.

१. तंबू काठापासून दोनशे पावलांवर. रात्री तंबूबाहेर एकट्याने जावयाचे नाही; दोघांनी व विजेरी घेऊनच जावयाचे.

२. काठापासून वीस पावलांवर जाड दोरी जमिनीवर आडवी टाकावयाची. दोरीस पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधावयाच्या. तिचे नाव मर्यादा-दोरी. दगडावर रंग किंवा चुना लावावयाचा नाही.

३. दोरीपलीकडे एका वेळी आठच मुले व दोन मोठी माणसे. बाकीची दोरीअलीकडे बसलेली.

४. काठाकडे जाताना धावणे नाही, मागे सरकणे नाही. पाहावयाचे ते बसून पाहावयाचे, उभे राहून नव्हे.

५. छायाचित्रे शिक्षक काढतील. मुलांनी भ्रमणध्वनी आणावयाचा नाही.

६. दोरीवर एक मूल पहारेकरी. त्याने हाक मारली की कोणीही असो, मागे फिरले पाहिजे.

७. घळीत उतरावयाचे नाही.

सातव्या नियमावर मुले नाराज झाली. खाली पाणी, आणि खाली जावयाचे नाही! तेव्हा आम्ही कारणे सांगितली. उतरताना अंग हलके असते, ऊन कोवळे असते. चढताना दोन्ही उलट होतात. कोलोरॅडोच्या घळीतही एका दिवसात तळाशी जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नये अशी सूचना उद्यानाचे अधिकारी प्रवाशांस देतात. शिवाय पेन्नेवर त्या परिसरात गंडीकोटा व मैलवरम अशी धरणे आहेत. पाणी केव्हा चढेल हे काठावरच्या पाहुण्यास कळत नाही. पोहता येणारी मुले ३६ पैकी नऊच होती. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वाद संपला.

निघण्याच्या आठ दिवस आधी दोन तालमी केल्या. पहिली बीदरच्या किल्ल्यात. तेथे जांभा कोरून काढलेला तिहेरी खंदक पाहिला, आणि उत्तरेच्या बाजूने मांजरा खोऱ्याचा सखल प्रदेश दिसतो तेथे तटापासून पुष्कळ अलीकडे दोरी टाकून नियमांचा सराव केला. दुसरी तालीम शाळेच्या मैदानावर, एक पूर्ण रात्र. तीत कळले की पाच मुलांकडे विजेरी नाही, दोघांना अंधारात एकटे वाटते, आणि तंबू उभारण्यास आम्ही धरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो.

पालकांकडून भरून घेतलेल्या पत्रकात 'मुलास झोपेत चालण्याची सवय आहे काय?' असा एक प्रश्न होता. कोणी 'हो' लिहील असे वाटले नव्हते. एका वडिलांनी लिहिले. त्या मुलाचे अंथरूण आम्ही दोघा शिक्षकांच्या मध्ये घातले व त्याविषयी इतर मुलांस काही सांगितले नाही.

अन्न व वर्गणी

आपल्या भागाची कडक भाकरी या कामास देवाने दिलेली आहे. ज्वारीची ही पातळ, वाळवलेली भाकरी आठ दिवस टिकते, वजनाला हलकी, आणि शिजविण्यास पाणी लागत नाही. जोडीला शेंगाची चटणी, गूळ, फुटाणे. संध्याकाळी एकदा खिचडी. संरक्षित वास्तूंच्या आवारात चूल पेटविणे वा मुक्काम करणे नियमास धरून नाही. म्हणून मुक्काम व स्वयंपाक किल्ल्याबाहेर, परवानगीच्या जागी. सर्वांसाठी एकच शाकाहारी पंगत ठेवली, म्हणजे कोणासही प्रश्न पडला नाही. उरलेला कचरा पोत्यात भरून परत आणावयाचा.

वर्गणीची रीत अशी ठेवली : ठरलेली रक्कम सर्वांस सांगितली, पण प्रत्येकाने बंद पाकीट पेटीत टाकावयाचे, पाकिटावर नाव नाही. ज्यास जेवढे झेपेल तेवढे. तूट येईल ती शिक्षक व हितचिंतक यांनी भरून काढावयाची. कोणी किती दिले हे आजही आम्हांस ठाऊक नाही. तूट आली, पण भीती होती तेवढी आली नाही.

वाट हाही धडाच

बीदर-कलबुरगी रेल्वेमार्ग २०१७ साली सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. हुमनाबादवरून कलबुरगीस जावे व तेथून मुंबई-चेन्नई मार्गावरील गाडी धरावी. वाडी, यादगीर, रायचूर, गुंतकल, गुत्ती, ताडिपत्री व मग मुद्दनूर. मुद्दनूरहून गंडीकोटा सुमारे २६ किलोमीटर. निवडलेली गाडी मुद्दनूरला थांबते की नाही हे आधी पाहावे. नसल्यास पुढील यर्रगुंटला येथे उतरावे.

प्रवासात मुलांना नद्यांचा तक्ता भरावयास दिला होता. घरची मांजरा गोदावरीस मिळते. वाटेत भीमा, कृष्णा, तुंगभद्रा या कृष्णेच्या कुळातील नद्या लागल्या. शेवटी पेन्ना, जी कोणाच्याही पोटात न शिरता स्वतःच समुद्रास जाते. आमची मुले मराठी माध्यमाची, पण कानडी शिकलेली. कानडी व तेलुगू लिपी एकाच मुळातून निघालेल्या. म्हणून स्थानकांवरील तेलुगू पाट्यांतील निम्मी अक्षरे त्यांस वाचता आली. सीमाभागात राहण्याचा त्रास मुले नेहमी ऐकतात. त्याचा हा लाभ त्यांस प्रथमच दिसला.

किल्ल्यात एकमेकांपासून थोड्या अंतरावर जामा मशीद, माधवरायाचे व रंगनाथाचे मंदिर आणि धान्याचे मोठे कोठार आहे. विजयनगरच्या काळात येथे पेम्मसानी नायकांची सत्ता होती. सतराव्या शतकाच्या मध्यास गोवळकोंड्याचा सरदार मीर जुमला याने किल्ला घेतला. १६५२ साली तॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्यास येथेच भेटला. हाच मीर जुमला पुढे मोगलांस मिळाला व १६५७ साली औरंगजेबाबरोबर आपल्या बीदरच्या किल्ल्यास वेढा घालण्यास आला. त्या वेढ्यात किल्लेदार सिद्दी मरजान कामी आला व बीदर पडले. मुलांनी आदल्या आठवड्यात जो खंदक पाहिला होता, त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस या तटावरही उभा राहिला होता, हे सांगितल्यावर मुले काही वेळ बोलली नाहीत.

प्रत्यक्ष काय घडले

आखणीप्रमाणे सर्व काही झाले असे म्हणता येणार नाही. पाण्याची गाडी पहिल्या दिवशी तीन तास उशिरा आली. चाळीस माणसांनी स्थानकावर भरून घेतलेल्या बाटल्यांवर दुपार काढली. राखीव पाणी निघताना हाताशी असले पाहिजे, मुक्कामावर पोचणार असलेले नव्हे, हा धडा आम्ही वहीत तांबड्या शाईने लिहिला आहे. एका मुलीस ताप आला; तिला शिक्षिकाबाईंनी जम्मलमडुगूस नेऊन दाखविले. तेथवरचा वेळ आधी मोजलेला होता, म्हणून कोणी घाबरले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सूर्योदयाच्या वेळी मुले आठ-आठच्या तुकड्यांनी काठाकडे जाऊन बसली. कड्यावर ऊन उतरू लागले व काळसर दगड हळूहळू तांबडा होत गेला. आमची तुकडी परत आली. पण ती छायाचित्रे मनासारखी आली नाहीत म्हणून आम्ही एकटेच पुन्हा दोरी ओलांडून पुढे गेलो. तोच मागून हाक आली, "गुरुजी, मागं या. दुसरं मोठं माणूस नाही तुमच्यासंगं."

दोरीवर पहारा त्या माउलीच्या मुलीचा होता. तिचा आवाज थोडा कापत होता, कारण शिक्षकास असे बोलण्याचा तिचा तो पहिलाच प्रसंग. आम्ही मागे फिरलो. त्या वेळी सूर्य पूर्ण वर आला होता व हवे ते छायाचित्र राहून गेले. परंतु टेकडीवरच्या त्या जुन्या सहलीत अशी हाक मारणारे कोणी नव्हते, हे आम्हांस आठवले. नियम मुलांसाठी करावयाचे व आपण वगळावयाचे, तर तो नियम मुले पाठ करतात, पाळत नाहीत.

चौथ्या दिवशी बीदर स्थानकावर पालक उभे होते. तिच्या आईने तिला प्रथम विचारले, "व्हता का कठडा?" मुलगी म्हणाली, "नव्हता. दोरी व्हती." एवढे ऐकून ती बाई मुलीचे गाठोडे उचलून चालू लागली. यंदा तिने धाकट्याचे नाव दिले आहे.

समारोप

वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांस आमची विनंती एवढीच की मुलांना अवघड जागी अवश्य न्यावे. सपाट जागी नेऊन त्यांस सावधपणा येणार नाही. परंतु नेण्यापूर्वी जागा स्वतः पाहावी, पाणी मोजावे, दोरी टाकावी, आणि पालकांपासून काहीही लपवू नये. पालकांस विनंती ही की सभेत मागच्या रांगेतून का होईना, प्रश्न विचारावा. प्रश्नाने शिक्षकाचा अपमान होत नाही. आमची निम्मी आखणी एका प्रश्नाने करून दिली.

सहलीसाठी घेतलेली दोरी, सहा तंबू, पाण्याचे डबे व औषधांची पेटी आता शाळेच्या कपाटात आहे. वर्षातून चार दिवस लागणारी ही सामग्री प्रत्येक शाळेने वेगळी विकत घ्यावी हे परवडण्यासारखे नाही. या न्यासासारख्या संस्थांनी अशा वस्तूंचे एखादे सामायिक भांडार केले, तर औराद-भालकीकडील लहान शाळाही आपली मुले बाहेर नेऊ शकतील. ते होईपर्यंत आमची दोरी मागावयास कोणीही यावे. फक्त परत देताना चिंध्या धुऊन, पुन्हा बांधून द्याव्यात.